भेगांची वही

नाही, त्या स्टुलावर नको ताई, त्याचा एक पाय सैल आहे — जगाला खिळे विकतो आणि स्वतःच्या स्टुलाला एक ठोकायला सवड नाही मला. इकडे बसा, या सिमेंटच्या पोत्यावर, कोरडं आहे, आत्ताच पुसलंय. तर काय सांगत होतो — आकडा. साधी आकड्याची चूक आहे हो. तुमच्या माती सर्वेक्षणाच्या अहवालाचं पान त्रेचाळीस, खालून तिसरी ओळ. ‘या जमिनीतील भेगांच्या व पावसाच्या सोळा वर्षांच्या नोंदी जमीनमालकाच्या थोरल्या बंधूंनी पुरवल्या, त्यांचे आभार.’ थोरले बंधू म्हणजे मी. सोळाच्या जागी सहा पाहिजे. सहाच्या अलीकडे एक ‘एक’ जास्त पडलाय, बस, खिळ्याएवढा. मी तुमच्या ऑफिसला पत्र घातलं, तुम्ही दुरुस्तीचा कागद घेऊन आलात, आता मी सही करतो, तुम्ही शिक्का मारा, आणि अकरा वाजता माझा धाकटा येईल — मीच बोलावलंय त्याला — तो आला की एवढंच सांगा, हो सर, छपाईत चुकलं. शाळेत गणित शिकवतो तो. माझ्यावर विश्वास आहे त्याचा, प्रश्न तो नाही, पण आकड्याच्या माणसाला आकडा कुणीतरी हुद्द्यावरच्या माणसानं सांगितला की बरं वाटतं. दहा वाजून वीस झालेत. चहा सांगितलाय.

मूळ वही? मूळ वही कशाला लागते? — हं. वही बघितल्याशिवाय दुरुस्ती नाही. नियम आहे, बरोबर आहे, मी कुठे म्हणतो चूक आहे. मीपण पावती बघितल्याशिवाय नळ बदलून देत नाही. पण वही — आता वही कुठे असेल? दोन वर्षांपूर्वी माळ्यावर पाणी गळलं, बरेच कागद गेले, उंदीर आहेत ते वेगळेच. बघू, सापडेल. सापडली तर सापडली. आधी चहा घ्या. तुम्ही नवीन आहात ना ऑफिसात? म्हणजे ते निवृत्त झाले त्या अण्णांच्या जागेवर? त्यांच्याच टेबलावर बसता? मग त्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात एक हिरवी सुतळी असेल, ती माझ्या दुकानातली. वीस वर्षं माझ्याकडून सुतळी, कापडी पिशव्या, फावडी नेत होता तो माणूस. आणि वीस वर्षांनी मला असं तोंडघशी पाडलं. वैऱ्यानं केलं असतं तर काही वाटलं नसतं, वैऱ्याचं कामच ते. पण अण्णा?

पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना खुळाच समजलो होतो. म्हणाले, शंभर कापडी पिशव्या द्या. मी म्हटलं, प्लॅस्टिकच्या घ्या, टिकतील. तर म्हणतात, प्लॅस्टिकमध्ये मातीला घाम फुटतो. मी हसलो. मग त्यांनी खिशातून एक चोपडं काढलं, पानापानावर रंगाच्या चौकोनी टिकल्या, मी म्हटलं साहेब, भिंती रंगवायच्या असतील तर माझ्याकडेही असं कार्ड आहे, डबे आत आहेत. ते म्हणाले, हे मातीच्या रंगाचं कार्ड आहे शेठ. आणि माझ्याच दारातली चिमूटभर माती उचलली, तळहातावर दोन थेंब पाणी, मळली, आणि अंगठा आणि बोट यांच्यामधून अशी पट्टी काढत गेले, काढत गेले — चांगली बोटभर लांब पट्टी निघाली, तुटली नाही. म्हणाले, चिकण आहे. मीपण केली. माझी पट्टी तुटली. त्या दिवसापासून मी त्यांचा चेला, असं समजा. मी शिकलो आठवीपर्यंत, पण गिऱ्हाईक जे बोलतं ते कान देऊन ऐकायचं, ही माझी शाळा. खड्डेवाले अण्णा म्हणायचे लोक त्यांना. माणसाच्या उंचीचा खड्डा खणायचा, आत उतरायचं, भिंत चाकूनं खरवडून थर बघायचे — वरचा काळा, खालचा करडा, त्याखाली चुन्याचे खडे. मी वर काठावर बसून गप्पा मारायचो, दुकान बायकोवर सोडून. ती म्हणायची, कुणाच्या पायाखाली खड्डा खणताय एवढा?

आणि ते जे शिकवलं ना त्यांनी, ते मी अजून सोडलेलं नाही. म्हणायचे, शेठ, मातीचे कागद तीन. एक प्रयोगशाळेचा — चिकण किती, चुना किती, सामू किती, अन्न धरून ठेवायची ताकद किती. दुसरा आभाळाचा — पाऊस किती दिवस, कोरड किती महिने. तिसरा उताराचा — जमीन डोक्यावर आहे की पायथ्याशी, पाणी येतं कुठून, जातं कुठे. एक कागद वाचून माती कळत नाही. प्रयोगशाळेचा कागद म्हणजे माणसाचं वजन-उंची झालं, स्वभाव कळायला त्याच्याबरोबर बारा महिने राहावं लागतं. तुम्हालाही शिकवलं असेल हे, कॉलेजात. मला खड्ड्याच्या काठावर बसून शिकवलं.

मग मीपण नोंदी ठेवायला लागलो. मला सांगा, का ठेवू नयेत? आमची वडिलांची जमीन होती गावाबाहेर, टेकाडाच्या उतारावर, डोक्यापासून पायथ्यापर्यंत सलग पट्टा. दोन डबे घेतले रंगाचे, रिकामे, त्यांना नरसाळं बसवलं, एक वर ठेवला, एक खाली. पाऊस मोजायचा. आणि उन्हाळ्यात खाली भेगा पडायच्या — खालीच हं, वर नाही — तर त्या मोजायच्या. रुंदी पट्टीनं, खोली तारेनं. तार सोडत जायची आत, टेकली की चिमटीत धरून बाहेर काढायची. सोपं काम आहे, पण दर वर्षी त्याच जागी, त्याच आठवड्यात करायला पाहिजे, नाहीतर मजा नाही. अण्णा बघून म्हणाले होते, शेठ, आमच्या ऑफिसात पगार घेणारी माणसं एवढं नेमानं करत नाहीत. त्या वाक्यावर मी दोन वर्षं तरंगत होतो. थांबा, दाखवतोच — इथेच आहे, कुठे जाणार, गल्ल्याखालच्या खणात, मी काही ती माळ्यावर टाकणाऱ्यातला नाही. ही बघा. उंदीर कुठले हो, पत्र्याच्या डब्यात ठेवतो मी ती. हे बघा रकाने — तारीख, जागा, रुंदी, खोली, वरच्या डब्यात पाणी, खालच्या डब्यात पाणी. शेवटच्या रकान्यात शेरा. ‘बांधावरचा खांब पूर्वेला कलला.’ ‘पाणी सव्वीस दिवस उभं.’ ‘ढेकळाच्या पोटाला काचेसारखी चमक.’ ती चमक म्हणजे काय, तुम्हाला माहीतच आहे — माती फुगली की ढेकळं एकमेकांवर घासतात, घासून घासून गुळगुळीत होतात. पावसात फुगते, उन्हात आवळते. जमीन काय, श्वास घेते ती. त्यावर काही उभं केलं की — नाही, म्हणजे पिकाला चांगली. खोल आहे. पिकाला उत्तम.

मागून बघा ना, ताई. मागची पानं ताजी आहेत. पहिलं पान जरा डागाळलंय.

तर हा अण्णा. निवृत्त व्हायच्या आधी त्यांना या मातीचा नमुन्याचा खड्डा पाहिजे होता — ज्याच्यावरून सगळ्या भागातली ही माती ओळखायची, तो एक खड्डा. एवढा मोठा मुलूख, कुठेही खणला असता. नदीकडे खणा, रस्त्याकडे खणा. पण नाही, त्यांना माझ्या धाकट्याचंच अंगण पाहिजे. का, तर म्हणे इथे शेठच्या नोंदी आहेत, तिन्ही कागद एका जागी मिळतात, असं दुसरीकडे कुठे मिळणार. मी म्हटलं, खणा. मी का नाही म्हणू? मला वाटलं, चला, आपल्या वहीचं चीज झालं. तीन वर्षं झाली त्याला. धाकट्यानं स्वतः फावडं धरलं. वहिनीनं — म्हणजे मी तिला वहिनीच म्हणतो, गमतीनं, तीही मला भावजी म्हणते, उलटंसुलटं सगळं, लग्न झालं तेव्हापासूनची मस्करी आहे — तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं. आणि जेवताना तिनं अण्णांना स्वयंपाकघराची भिंत दाखवली. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत भेग, बोट जाईल एवढी. म्हणाली, दर उन्हाळ्यात भरतो, दर पावसाळ्यात दार चौकटीत बसत नाही, घासून घ्यावं लागतं. गवंड्यानं फसवलं आम्हाला. तो गवंडी मीच दिला होता. धाकट्यानं त्याच्याशी संबंध तोडले, चार लोकांत बोलला त्याला, त्याची दोन-तीन कामं गेली त्यापायी. बरा गवंडी होता. अजून दुकानात येतो, थापी घेतो, पैसे मोजून देतो.

तर वहिनीनं विचारलं, साहेब, गवंड्याचीच चूक ना? आणि अण्णा भिंतीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी भाजी वाढून घेत होतो. पाणी प्यायले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी इथे आले, या पोत्यावर, तुम्ही बसलात तिथेच बसले. वही मागितली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, घाई नाही, मध्ये गिऱ्हाइकं आली-गेली. मग म्हणाले, “शेठ, नोंदी तुमच्या नावावर छापतो. केव्हापासूनच्या आहेत तेही छापू का?” बघा, शब्द कसे घातलेत. केव्हापासूनच्या आहेत तेही. आणि मी — मी काय म्हणालो असेन? मला पुस्तकात जाण्याची घाई. म्हटलं, छापा की, छापा, सगळं छापा, लोकांना कळू दे आठवी शिकलेला माणूस काय करतो. ते म्हणाले, “नक्की?” मी म्हटलं, नक्की म्हणजे काय, स्टॅम्पपेपरवर देऊ का? हसलो मीच. ते हसले नाहीत. मला त्या वेळी वाटलं, दात दुखत असेल.

आता तुम्ही सांगा, हा दगा नाही? मित्र होता तर स्पष्ट बोलायचं होतं. हात धरून सांगायचं होतं, शेठ, हे छापलं तर घरात असं असं होईल. चार शिव्या द्यायच्या होत्या. पण नाही, गोड विचारलं, माझ्याच तोंडून हो म्हणवून घेतलं, आणि गेले निवृत्त होऊन मुलीकडे. गेल्या महिन्यात पुस्तक आलं, जमीन धाकट्याची म्हणून एक प्रत त्याला टपालानं. पहिले दोन दिवस काय आनंद त्याला — शाळेत नेलं, शिक्षकांच्या खोलीत दाखवलं, माझ्या दादाचे आभार मानलेत सरकारी पुस्तकात. तिसऱ्या दिवशी नीट वाचायला बसला असेल. त्याची सवय आहे, ओळीखाली पट्टी ठेवून वाचतो, लहानपणापासून, एक ओळ झाली की पट्टी खाली. संध्याकाळी इथे आला. सोळावर पेन्सिलीनं बारीक रेघ मारलेली. म्हणाला, “दादा, हा आकडा छपाईत चुकला असेल ना?”

मी म्हटलं, चुकलाच आहे, मी ऑफिसला लिहितो.

फोनही केला अण्णांना. म्हटलं, अण्णा, आकडा चुकला तुमचा. मग म्हणतात, “वही तुमच्याकडे आहे शेठ. बघून सांगा, मी लगेच पत्र देतो.” बघून सांगा. वीस वर्षांची मैत्री, आणि बघून सांगा.

— हो. बघितलं तुम्ही पहिलं पान. मी म्हटलं होतं ना मागून बघा. सोळा. खड्डा खणेपर्यंत सोळा उन्हाळे आहेत, मोजून. आता मोजू नका परत, सोळाच आहेत.

अहो पण म्हणून काय झालं? वाटणी नऊ वर्षांपूर्वी झाली, खड्ड्याच्या आधी सहा वर्षं, मान्य. वडील गेले, पुढच्या वर्षी वाटणी. वरचा तुकडा मला, खालचा त्याला. आता तुम्ही म्हणाल वरचा मी घेतला — घेतला नाही, राहिला. त्याला विचारलं होतं मी. इथेच, या काउंटरवर. म्हटलं, तुझी पसंती आधी. तो म्हणाला, “दादा, मातीतलं तुला कळतं, तू सांगशील तो.” मी त्याला कागद दाखवला. प्रयोगशाळेचा, तुमच्याच ऑफिसचा शिक्का, खालच्या तुकड्याचा. खोल माती, चुना भरपूर, अन्न धरून ठेवायची ताकद उत्तम. वरच्या तुकड्याचाही दाखवला — उथळ, मुरमाड, कसदार नाही. दोन्ही कागद समोरासमोर. तो गणितवाला, आकडे बघितले, म्हणाला, अरे मग चांगला तुकडा तू मला कसा देतोस? डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. त्या कागदात एक अक्षर खोटं नव्हतं, ताई. एक अक्षर. आजही काढून दाखवतो.

फक्त कागद तीन असतात, मी एक दाखवला.

मला गोदाम बांधायचं होतं हो. सिमेंट, सळ्या, टनावारी वजन — खालच्या मातीवर फरशी टिकली नसती, पहिल्या वर्षीच लाटा उठल्या असत्या. आणि मला काय माहीत तो तिथे घर बांधेल? मला वाटलं पेरील काहीतरी. पेरण्याजोगीच जमीन आहे. मग दुसऱ्या वर्षी आला नकाशा घेऊन, दादा, घर बांधतोय, गवंडी सांग. त्या दिवशी बोलायचं होतं. सांगायचं होतं, पाया खोल घे, खांब खाली मुरमापर्यंत ने, नाहीतर बांधूच नको, वरच्या माझ्या तुकड्यात बांध. जिभेवर आलं होतं, खरंच आलं होतं. पण ते बोललो असतो तर तो विचारणार, तुला कधीपासून माहीत? म्हणून गवंडी सांगितला. चांगल्यातला चांगला सांगितला.

माझ्या गोदामाच्या फरशीला केसाएवढी भेग नाही. येऊन बघा कधीही.

आणि तरी मी मोजणं सोडलं नाही, हे बघा, ही सगळी पुढची पानं वाटणीनंतरची आहेत. दर उन्हाळ्यात त्याच्या अंगणात जायचो वही घेऊन. त्याला वाटायचं दादाला वाटणीनंतर लागलेला छंद. तार मी सोडायचो, वरून पट्टी तो धरायचा. विचारायचा, दादा, किती भरली? मी सांगायचो, चौऱ्याण्णव सेंटिमीटर. तो म्हणायचा, मागच्या वर्षीपेक्षा दोन जास्त, आणि खूश व्हायचा, आकडा वाढला की खूश, गणितवाला ना. मग आम्ही भिंतीतली भेग भरायचो, दोघं मिळून. भरायचा मसाला माझ्याच दुकानातला. मीच पोतं घेऊन जायचो, सायकलवर. सात वर्षं नेलं मी ते पोतं. तेही लिहा तुमच्या पुस्तकात, आभार मानताना.

अण्णांनी दगा दिला असं मी म्हटलं ना मघाशी? सगळ्यांना तेच सांगतोय मी महिनाभर. बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, अण्णांनी वही छापली, लिहिली कुणी? तेव्हापासून आमच्या घरातही जरा — जाऊ दे. पण तुम्हीच बघा, विचारलं होतं त्यांनी मला. दोनदा विचारलं होतं. नक्की, म्हणाले होते. मला वाटलं दात दुखतोय.

काय म्हणता? सही करायची असेल तर कागद तयार आहे, पण वहीत सोळा असल्यावर तुम्ही शिक्का कसा मारणार? नाही मारू शकत, बरोबर आहे. मी नळ बदलून दिला नसता. आणि समजा वहीचं पहिलं पान डागाळलंय, वाचता येत नाही, असं तुम्ही लिहिलं — नाही. तुमचा चेहरा बघूनच कळलं. अण्णांनी नेमकं माणूस शोधून बसवलंय त्या टेबलावर. द्या तो कागद. घडी करतो. माझ्या खिशात राहू दे.

दहा अठ्ठावन्न. वेळेचा पक्का आहे तो, तास घेतल्यासारखा येतो — बघा, समोर सायकल लावतोय. काखेत पुस्तक आहे. चेहरा बघा, मला बघून हसला तो. अजून हसतोय.

तुम्ही निघा आता, ताई. नाही, त्याला काही सांगू नका, तुम्ही नका सांगू. चहा राहू दे, तो पिईल. वही मिटू नका. पहिलं पान वर करा — हां, तसंच, दाराच्या बाजूला वळवा. आणि जाता जाता ती पट्टी इकडे सरकवा, हो, तीच, भेगा मोजायची. त्याला ओळीखाली ठेवायला लागते. या तुम्ही.